सोप्या शब्दांची तार

झरी, कार्तिकातला सोमवार

आज दहा नवे इंग्रजी शब्द लिहायचे राहिले. डिक्शनरी मात्र अर्धा तास चाळली.

संध्याकाळी शेजारच्या रामतात्यांकडे तार आली. गावात इंग्रजी शिकणारा मी एकटाच, म्हणून मला हाक. त्यांची भावजय, गिरजाकाकू, सोमवारचा उपास सोडायला नुकतीच बसली होती. पहिलाच घास हातात. तिचा मुलगा विश्वनाथ सोलापूरच्या गिरणीत. तो गेला, लवकर या, एवढंच तारेत होतं. सगळे शब्द येणारे.

तेव्हाच सांगितलं असतं तर ताट तसंच राहिलं असतं. मी म्हणालो, "अवघड हाय, तात्या. डिक्शनरी बघावी लागंल." घरून डिक्शनरी आणली आणि उगाच पानं उलटत बसलो.

तात्या चिडले. "चार वर्सं परभणीत इंग्रजी शिकायलास, अन् एवढं येईना व्हय तुला?"

काकूच म्हणाली, "लेकरू हाय, भावजी. बघू द्या त्याला नीट."

मी खोटं वागलो का? वागलो असेन.

शेवटी काकूनं हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "झालं माझं. सांग आता."

सांगितलं.

तात्यांना अजून वाटतंय, मला वाचायलाच येत नव्हतं. वाटू दे. मला राहून राहून दुसरंच आठवतंय. एरवी एका भाकरीवर उठणाऱ्या काकूनं, मी डिक्शनरी चाळत होतो तेव्हा, दुसरी भाकरी मागून घेतली होती.