चार बोटं फांदी

वरची वाडी, ता. आंबेगाव
१२ डिसेंबर २००५

चि. उज्ज्वलास काकाचे आशीर्वाद. वि. वि.

ओझरला विघ्नहराच्या दारात लग्न ठरलं हे वाचून तुझी काकू लंका नाचायचीच बाकी होती. जावईबापूंना सांग, पोरगी डोंगरातली आहे, चालण्यात हरवेल.

आता कामाचं. तुझ्या प्रयोगशाळेसाठी देवराईतल्या नरक्याच्या झाडाची वीतभर फांदी दिली होती. तिथली वाळकी काडीही बाहेर जात नाही, तुला ठाऊक आहे. कॅन्सरच्या औषधासाठी म्हणून सोमाजी भगतानं कौल लावला, देवानं उजवा दिला. अट एकच, नेलेलं परत यावं. तोवर जामिनानं शीव ओलांडू नये. जामीन मी. ‘नेलं तेवढंच’ हा शब्दही मीच घातला, बोलणं मोघम राहू नये म्हणून. तेव्हापासून घोडेगावचा बाजार लंका करते, आणि तिची वांगी मला पटत नाहीत.

लग्नाआधी फांदी पाठव. दादा-वहिनींमागं तुला मी वाढवलं, कन्यादान मीच करणार. प्रयोगाचंही सविस्तर लिही. ‘छान चाललंय’ नको.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेला,
गोकुळकाका


पुणे
२० डिसेंबर

ती. काकांस उज्ज्वलाचा सा. न. वि. वि.

मोघम लिहीत नाही. मातीतल्या एका जंतूची जनुकं आम्ही फांदीच्या पेशींत घातली. आता ना पान ना खोड. बरणीत नुसती केसांसारखी मुळं वाढतात, आणि औषधाचा अंश दुप्पट झालाय. हे जमलं तर नरक्याची चोरटी तोड थांबेल.

पण ही मुळं बाहेर न्यायला मनाई आहे. बदललेलं झाड रानात गेलं तर काय होईल, कुणी सांगू शकत नाही. आमच्या प्रयोगशाळाप्रमुख मॅडम नाही म्हणाल्या. काका, त्यांच्या जागी मीही नाहीच म्हटलं असतं.

उरलेली फांदी वाळवून जपली होती, ती पाठवते. सोमाजीआजा मानतील ना? अक्षता मला तुमच्या हातच्याच हव्यात.

काकूला नमस्कार. माया आहे तशीच असू द्या.
उज्ज्वला


वरची वाडी
३ जानेवारी २००६

चि. उज्ज्वलास आशीर्वाद. वि. वि.

फांदी पोचली. सोमाजीनं देवापुढं ठेवली आणि म्हणाला, सुटलास. मी वीत लावून पाहिली. चार बोटं कमी भरली. तो म्हणाला, “लई झालं गोकुळ, लाकूड वाळलं की आखडतंच.” लाकूड जाडीला आखडतं, लांबीला नाही, हे मी त्याला सांगितलं. ती चार बोटं तुझ्या बरणीत आहेत. जिवंत आहेत, वाढतायत.

लंका म्हणाली, “देवानं सोडलं, गावानं सोडलं, आता तुमीच तुमचे भगत.” तेव्हापासून बोलत नाही. भाकरी मात्र वेळेवर वाढते.

मुळं चोरून आणू नकोस. तुझं ‘नाही’ बरोबर आहे. तू तुझा शब्द पाळ, मी माझा.

कन्यादान तुझ्या मामांना करू दे. मुहूर्ताला मी शिवेच्या दगडापाशी, ओझरकडे तोंड करून, अक्षता घेऊन उभा असेन. भटजींना घड्याळ नीट लावायला सांग, नाहीतर तिकडच्या माझ्या आधी पडायच्या.

शिवेच्या आतून, सगळ्या मायेनिशी,
गोकुळकाका