त्याच्या जागी

प्रिय धाकट्या,

मागचं पत्र परत आलं. पाकिटावरचं तुझं नाव खोडून शेजारी लिहिलं होतं, ‘या नावाचं इथे कुणी राहत नाही.’ अक्षर डावीकडे झुकलेलं होतं. तुझा हात धरून मीच तुला अक्षरं गिरवायला शिकवली, तुझं अक्षर मी डोळे मिटूनही ओळखेन. ते तुझं नव्हतं. म्हणून हे पत्र टपालाने पाठवत नाही. तू ज्यांच्या घरी राहतोस त्या मावशी, तुझ्याबरोबर कामाला असलेल्या फिटरच्या आई, ते तुझ्या हातात देतील. त्यांच्यासमोर बसून वाच.

इकडे बरं चाललंय. बाबा रेडिओ अजून इतक्या मोठ्याने लावतात, की खालच्या मजल्यावरची सुतारीण म्हणते, आम्हाला वेगळा घ्यायलाच नको. शाळेचे गणवेश शिवायला आलेत, त्यामुळे माझं मशीन सकाळपासून थांबत नाही. तुझ्या खोलीत मी कापडाचे तागे ठेवले होते, तेही उचलले. चादर बदलली. बाबा स्वतः जाऊन खिडकी उघडून आले.

कोल्ड स्टोरेजमधल्या त्या दुपारबद्दल तू कधी बोलला नाहीस. मला लोकांकडून कळलं तेवढंच माहीत आहे. अमोनियाचा पाइप फुटला तेव्हा फिटर दाराशीच होता. मास्क लावून तो बाहेरही पडला होता. तू आत बटाट्याच्या पोत्यांमागे अडकलास हे कळलं तसा तो माघारी फिरला. तुला ओढून बाहेर काढलं तेव्हा तुझ्या तोंडावर त्याचा मास्क होता, पट्टा नीट आवळून बसवलेला. तो आतच राहिला. तुमची काही जिवाभावाची मैत्री नव्हती. डबा खाताना शेजारी बसायचात, एवढंच. दफनाच्या दिवशी तू त्याच्या कबरीपाशी इतका वेळ उभा होतास, की माती लोटणाऱ्यांना तुला बाजूला करावं लागलं.

मग तू मावशींचं बघायला लागलास. आधी बाजारहाट, मग गळकं छप्पर, मग मुक्कामच. सगळ्यांनी तुझं कौतुक केलं, आणि मलाही अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू? तू त्याचंच काम मागून घेतलंस तेव्हाही वाटलं, बरं झालं, पोरगं सावरलं. तू शीळ घालायला लागलास तेव्हा मात्र मी मशीन थांबवलं. लहानपणी तुला शीळ येत नाही म्हणून तू रडायचास. आणि ही सूर धरून, मध्येच तुटणारी शीळ. मावशी म्हणाल्या, तो अशीच घालायचा.

त्यानंतर तू त्याचे शर्ट घेऊन आलास. बाह्या आखूड करून दे म्हणालास. फिटर उंच, हात लांब. बाह्या तुझ्या बोटांखाली लोंबत होत्या. मी खडूने खुणा केल्या, पण गणवेशांच्या गडबडीत शर्ट तसेच राहिले. न्यायला आलास तेव्हा मी थांब म्हणायच्या आत तू एक अंगात चढवलास. बाही मनगटावर बरोबर बसली. माझी खडूची खूण कोपराकडे राहिली होती. धुताना कापड आटलं असेल, असं मी मनाला सांगितलं. पण तो शर्ट धुतलेलाच नव्हता, धाकट्या. तो माझ्याच कपाटात होता.

हे मी कुणाला बोलले नाही. शिवणारीचं माप चुकलं, एवढंच म्हणाले असते लोक. मग एका दुपारी मावशी आल्या. पाणी दिलं तर भांडं हातातच धरून बसल्या. सांगायला लागल्या, की त्या भाजी चिरत होत्या आणि तू दारात उभा राहून म्हणालास, “आई, ती चांदीची वाटी मांजराने नाही पाडली. मीच विहिरीत टाकली होती.” त्यांचा मुलगा सहा-सात वर्षांचा असताना हरवलेली वाटी. त्यांनी ती गोष्ट घराबाहेर कधी काढली नव्हती. आधी त्यांना भरून आलं, तुझ्या तोंडावरून हात फिरवावासा वाटला. पण हात उचलवेना. त्या मला म्हणाल्या, “अगं, माझा मुलगा गेलाय, मला त्याच्यासाठी रडून घ्यायचंय. आणि तो रोज संध्याकाळी जेवायला येतो. मी रडू कशी?”

मी त्यांना घेऊन चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेले. भूतबाधेचं काही सांगतील अशी मला भीती होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, खंडणी म्हटलं की लोकांना गुंड आठवतात, पण आपल्याकडे, बायबलात, तो शब्द सुटकेचा आहे. बंदिवानाला सोडवायला कुणीतरी स्वतःला देतो. प्रभूने आपली जागा घेतली, आणि ती एकदाच. आता आपण वधस्तंभावर चढून त्याला खाली उतरवायला जायचं नसतं. सुटलेल्याने चालत घरी जायचं, जेवायचं, कामाला लागायचं आणि जमेल तेवढं प्रेम करायचं. मी विचारलं, आणि त्याला ते जमत नसेल तर? पाळकसाहेबांनी पुढ्यातलं बायबल मिटलं. मग म्हणाले, “फुकट मिळालेलं घेणं फार अवघड असतं, बाई. त्यापेक्षा माणसाला मरणं सोपं वाटतं.”

तेव्हा मला ते नीटसं उमगलं नव्हतं. काल उमगलं. काल कबरींचे दगड घडवणारा पाथरवट माझ्याकडे आला. फिटरच्या कबरीवरच्या दगडासाठी कुणीतरी मजकूर देऊन गेलं होतं, आणि जन्मतारखेतला एक आकडा त्याला लागत नव्हता. त्याने कागद पुढे केला. त्यावर तुझं नाव होतं. तुझी जन्मतारीख. मृत्यूची तारीख त्या दुपारची. मी विचारलं, कोण आलं होतं? म्हणाला, उंच माणूस होता, लांब हातांचा, शीळ घालत उभा होता. तो तूच होतास असं मी धरून चालले आहे. जास्त खोदून विचारायचा मला धीर झाला नाही. कागद मी फाडला आणि मावशींना घेऊन पाथरवटाकडे गेले. त्यांनी आपल्या मुलाचं नाव स्वतः सांगितलं, एकेक अक्षर. सांगता सांगता त्या पहिल्यांदा मोठ्याने रडल्या, आणि पाथरवट छिन्नी खाली ठेवून थांबला. रविवारी उपासनेनंतर दगड बसवायचा आहे. जड आहे, चार माणसं लागतील. तिघांना मी सांगितलंय. चौथा तू असावास असं मावशींनीच सांगितलं, म्हणून हे पत्र. त्यांचं म्हणणं, माझ्या मुलाने ज्याला बाहेर काढलं तो मला एकदा बघू दे. त्याचे शर्ट मावशींच्या कपाटात ठेवून ये. तुझा निळा शर्ट मी इस्त्री करून दाराजवळ टांगलाय.

तुझीच, वाट बघणारी,
ताई