पलंगापर्यंत पोचणारी लेन्स

२ नोव्हेंबर, रविवार

नले, तू विसरशील म्हणून लिहून ठेवतेय. म्हणजे मी सांगतेय आणि तुझी वहिनी वैशाली लिहितेय. तुझ्या आईला अक्षर येत नाही, एवढं तरी लक्षात असेल. प्रकाशच्या बाळाच्या बारशाला आणायचं झबलं बोरिवलीलाच विसरलीस आणि जाताना माझ्या चपला घालून गेलीस. पानं भरली की तुला देईन. हरवू नको.

प्रकाशने आज बारशाचे फोटो टीव्हीवर लावले. पाळणा आला, तू आलीस, समोरच्या गोम्सबाई तर तीनदा आल्या. हे कुठेच नाहीत. पलंगावरून शेवटपर्यंत बघत होते. टीव्ही बंद झाल्यावर म्हणाले, "मी खंय आसय?"

लकवा झाल्यापासून ह्यांच्या तोंडून शब्द निघायला किती कष्ट. आणि निघाले ते हे. मी कुठे आहे.

प्रकाश म्हणाला, बाबा, तुमच्या कोपऱ्यात अंधार. ही लेन्स तिथे चालत नाही. घरातल्या फोटोंसाठी आता एक चांगली लेन्स घेतो.

शी. बारसं आपलं, घर आपलं, आणि फोटोत सगळा मजला.

४ नोव्हेंबर, मंगळ

मित्राकडून एक लेन्स आणलीय, वापरून बघायला. पन्नास नंबरची. म्हणे अंधारातही उजेड ओढते. फक्त जवळ-लांब करता येत नाही, माणसानेच मागे-पुढे व्हायचं. म्हटलं, बाबा रे, मागे व्हायला घर कुठे आहे आपलं?

पहिल्या फोटोत माझं नाक. फक्त नाक. दुसऱ्यात वैशालीचा कान आणि बाळाची टाळू. मग हा सरकत सरकत मोरीत. तिथून मी, वैशाली, बाळ, तिघं मावेनात. मग दाराबाहेर. मग पॅसेज ओलांडून थेट गोम्सबाईंच्या स्वयंपाकघरात, त्या बोंबील तळतायत आणि हा त्यांच्या फ्रिजला टेकून आमचा फोटो काढतोय. दोन्ही दारं सताड उघडी. वरचे जोशी जिन्यात थांबले, काय शूटिंग आहे का विचारायला.

फोटोत काय आलं? गोम्सबाईंचा पडदा, तेलाचा धूर, लांब आत आम्ही. आणि आमचं उघडलेलं दार. दाराच्या फळीमागे झाकलेला पलंग. पलंगावर हे.

जेवले नाहीत आज नीट.

७ नोव्हें., शुक्र

अंधेरीच्या दुकानात जाऊन आला. आल्यापासून नुसते नंबर. चोवीस, पस्तीस, पन्नास. मला वीट आलाय. भाजीवालाही एवढं डोकं खात नाही.

तरी ऐकून घेतलं. चोवीसमध्ये अख्खी खोली येते, पण कडेची माणसं ताणली जातात. मोबाइलवर दाखवलं, कुणाची तरी मावशी कडेला उभी होती, डोकं लाल भोपळ्यासारखं. म्हणाला, बाबा कडेला येणार, तोंड ओढल्यासारखं दिसेल.

म्हटलं, ते ओढलेलंच आहे. त्यात लेन्स अजून काय ओढणार?

त्याने मोबाइल खिशात टाकला.

पस्तीसचं काय, विचारलं. तर म्हणे तीच बरी, आपल्या कॅमेऱ्यावर घरात तीच बसते. म्हटलं, मग आण. ओट्याला पाठ लावून उभा राहा. समोर पलंग. हे मधे, बाळ मांडीवर, आम्ही बाजूला. कडेला कोणी नको आणि भोपळाही नको. एवढ्यासाठी अंधेरी कशाला गाठायची?

तेव्हा निघालं खरं. खाली मान घालून म्हणाला, "आई, पलंग नको गं दिसायला. ती रबरी चादर, ते खालचं लघवीचं भांडं. हे फोटो सगळ्यांना जातात."

म्हणजे अंधार नव्हता. लेन्सही नव्हती.

मला एवढी किळस त्या भांड्याची कधी आली नाही. रोज मी धुते ते.

वैशालीने पेन थांबवलं. म्हटलं लिही. तुझाच नवरा आहे, नीट अक्षरात लिही.

८ शनि

प्रकाशशी बोलणं नाही. चहा ठेवते, सांगत नाही. थंड झाला की पितो. पिऊ दे.

हे इथे मुलुंडला राहायला आले तेव्हा हाच पलंग डोक्यावर घेऊन जिना चढले होते. प्रकाश ह्याच पलंगावर झाला. तेव्हाही रबरी चादर होतीच की. त्याची.

१२, बुध

दुपारी वैशालीने बाळाला ह्यांच्या कुशीत ठेवलं. मी सांगितलं नव्हतं. ह्यांचा उजवा हात मेलाय, डावा चालतो. बाळाने डाव्याचं बोट धरलं ते सोडेना. ह्यांचं तोंड हललं. हसले असावेत. आता ते एकाच बाजूने हसतात.

वैशाली म्हणाली, "आई, मोबाइलवर घेऊ पटकन?"

नको म्हटलं. हातातलं निसटू दिलं, कळतं मला. पण हा फोटो प्रकाशने काढायचा. त्याने डोळा लावून बापाकडे बघायचं. मोबाइलवर तू काढलास तर तो सुटला.

नंतर वाटलं, आणि हेच राहिले नाहीत तर? मग काय मिळवलं मी?

वैशाली, हे खोडू नको. राहू दे.

१५ नोव्हें., शनि

पस्तीस आली. एवढीशी, वाटीसारखी. तिच्यासाठी एवढा तमाशा.

संध्याकाळी ओट्याला पाठ लावून उभा राहिला. मी बघत होते. आधी खिडकीचा फोटो घेतला. मग पाळणा. मग कॅमेरा फिरत फिरत पलंगाकडे आला. ह्यांनी बघितलं. चालत्या हाताने केस सारखे केले.

प्रकाश बराच वेळ डोळा लावून उभा. क्लिक ऐकू आलं नाही. कॅमेरा खाली घेतला, पुढे झाला. मला वाटलं भांडं उचलतोय. पायाने आत सरकवायला गेला आणि थांबला. मग म्हणाला, उद्या काढू. नलूताई येईल, सगळे असू.

भांडं होतं तिथेच आहे.

उद्या काय होईल मला माहीत नाही. त्याने चादर बदलायला काढली तर मी काय बोलेन तेही माहीत नाही.

नले, वैशाली ह्या पानांचे फोटो आत्ताच पाठवतेय, वाच. येताना तांदळाच्या शेवयांचे शिरवाळे करून आण. तुझं यायचं फिसकटलं तर जावयांबरोबर पाठव, पण पाठव. नारळाचा रस वेगळ्या डब्यात, वेलची कमी. ह्यांच्यासाठी बारीक मोडून. फोटोच्या आधीच भरवणार आहे मी. हनुवटीवर रस ओघळला तर ओघळला.