पन्नास पुंगळ्या आणि विर्लिनची सही

मी, ऑरिन ट्वेट, वय चौपन्न, राहणार थर्मोपोलिस, वायोमिंग, डोकं शाबूत असताना हे लिहून ठेवत आहे. फुप्फुसांबद्दल तसं म्हणवत नाही.

१. घर बहीण इंग्रिड हिला. छप्पर गळतं. तिला दोनदा कळवलंय, हे तिसऱ्यांदा.

२. रायफल आणि हत्यारांचं टेबल माझा मित्र विर्लिन कॉप याची मुलगी नादीन हिला.

३. पन्नास पुंगळ्यांचा डबा विर्लिनला. याचा खुलासा करणं भाग आहे. काडतूस घरी भरायचं तर त्याच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या एका वजनाच्या निवडाव्या लागतात, लांबी सारखी करावी लागते, मान तासून ज्योतीवर मऊ करावी लागते. एकदा बार उडाला की पुंगळी आपल्या रायफलीच्या मापाची होते. परक्या रायफलीत अडते. म्हणून माझ्या प्रत्येकीच्या कडेला कानशीची खाच आहे. वीस हिवाळे विर्लिन आणि मी हे काम एकाच टेबलावर केलं.

सहा वर्षांपूर्वी राज्याच्या नेमबाजी स्पर्धेत सात वेळा काडतूस आत बसवताना मला रायफलीचा बोल्ट रेटून लावावा लागला. सातही गोळ्या भरकटल्या. विर्लिन जिंकला. परतताना म्हणाला, "म्हाताऱ्या, हात थरथरतो तुझा. बास कर आता." मी बास केलं. काडतुसं भरताना खाचा बघितल्या नव्हत्या. बघायचं काय? टेबलावर विर्लिनच तर होता.

गेल्या महिन्यात नादीनने त्याच्या कपाटातली पुरचुंडी दाखवली. "ऑरिनकाका, या तुम्ही बाबांना दिल्यात ना?" सात पुंगळ्या, सातांना माझी खाच. फेकवल्या नाहीत त्याला. इतक्या सुरेख बनल्या होत्या. माझ्या डब्यात त्रेचाळीस माझ्या, सात त्याच्या.

४. वकील सांगतो, दोनच साक्षीदार असले तर त्यांतल्या कोणाला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. विर्लिनला साक्षीला बोलावलं आहे. कागद त्याच्या हातात देईन, घाई करणार नाही. वाचून त्याने पेन खाली ठेवलं, तर डबा त्याचा, आणि कॉफी मी टाकीन. साक्षीला दुसरं कोणी मिळेल. न वाचता सही केली, तर डबाही नादीनचा.

स्थळ: हत्यारांचं टेबल, थर्मोपोलिस
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२३
सही: ऑरिन ट्वेट

साक्षीदार:
१. मार्लीस ग्रूट, पोस्टमास्तरीण. (शेवटपर्यंत वाचलं. चष्मा पुसला. सही केली.)
२. विर्लिन कॉप. (सही केली. म्हणाला, "तू लिहिलंयस ना? मग बघायचं काय त्यात!")