दादाची वाम

३ जून
दादा आला. दोन बॅगा, एक उशी आणि झाकण लावलेली बादली. वहिनी जाऊन महिना झाला. 'एकटा राहू नकोस, माझ्याकडे ये' असं मीच फोनवर म्हटलं होतं. बादलीबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता! आत वाम. हातभर लांब, साप म्हणावं तर मासा, मासा म्हणावं तर साप.

"तुझ्याकडे टाकी आहे ना?"

आहे. तिच्यात सहा वर्षांपासून माझे पाच सिक्लिड मासे आहेत. गोड्या पाण्यातले, रंगीत, महाभांडखोर. माझ्याच वळणावर गेलेत असं वहिनी म्हणायची.

"हिला खारट पाणी लागतं," म्हणाला आणि झोपायला गेला. दुपारी चारला!

४ जून
माशांच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणे, "ताई, काळजी सोडा. सिक्लिड थोडं मीठ सोसतात, वाम कमी मिठातही जगते. मधला मार्ग काढा."

शाळेच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं द्रावणं करतेय. मधला मार्ग म्हणजे माझा हातखंडा! पाण्याचा खारटपणा मोजायला हायड्रोमीटर घरी आणला. गोडं पाणी १.०००, समुद्र १.०२५. आपण १.००५ वर थांबायचं. रोज थोडं मीठ, हळूहळू.

९ जून
१.००५. वामही आता त्याच टाकीत. दोघांना सारखा न्याय — म्हणजे दोघंही नाराज. सिक्लिड वर येऊन धापा टाकतात. वाम लपायला टाकलेल्या पाइपातून तोंड काढत नाही. आणि दादा तोंडात मिठाची गुळणी धरून टाकीसमोर बसलेला. जेव म्हटलं की जेवतो, ऊठ म्हटलं की उठतो. टाकीजवळून मात्र हलत नाही.

१० जून
सिक्लिड चार.
पाचवा शोधला. फिल्टरमागे नाही, दगडाखाली नाही. वामेचं पोट टम्म. उपास सुटला म्हणायचा!

११ जून
भांडलो. लहानपणी भांडायचो तसे, शेजारी ऐकतील एवढ्यानं.

"दादा, ही दुकानात देऊन टाक."

"नाही."

"माझे मासे मरतायत!"

"मग मी जातो. तिला घेऊन."

कुठे जाणार? जुनं घर तर सोडून आलाय. मी म्हटलं, जा. चपला घालून खाली गेला. बादली न घेता. तासाभराने परत आला, हातात मिठाची पिशवी.

१३ जून
दुकानदाराला गाठलं. "वाम कमी मिठात जगते म्हणालात ना?"

"जगते की. मरेपर्यंत जगते."

हसावं की त्याचं गल्ल्यावरचं कॅलेंडर फाडावं, कळेना. मग खरं बोलला: सिक्लिडना गोडंच पाणी द्या, वामेला निदान १.०१२ तरी हवं. आणि टाक्या दोन. वीस वर्षं द्रावणं करणाऱ्या बाईला हे दुकानदाराने सांगायचं! मधलं पाणी दोघांच्याही सोयीचं नव्हतं. माझ्या सोयीचं होतं.

१५ जून
प्रयोगशाळेत एक जुनी काचेची टाकी धूळ खात पडली होती. मुख्याध्यापकांना विचारून आणली. दादाने घासली, कोपरे टूथब्रशने. सिक्लिडच्या पाण्यातलं मीठ आता रोज थोडं कमी, वामेच्या पाण्यात रोज थोडं जास्त. आकडे दादाच लिहितो. अक्षर अजून कोंबडीचे पाय!

२० जून
१.०१२. वाम पाइपातून पूर्ण बाहेर आली. चारही सिक्लिड पुन्हा एकमेकांच्या अंगावर धावू लागले. म्हणजे बरे आहेत.

२२ जून
दादाने चिमट्यात धरलेली कोळंबी वामेने पटकन ओढून घेतली. मी म्हटलं, "बघ, तुझी लाडकी जेवली."

"माझी कुठली? मला किळस येते तिची." चिमटा धुतला, पुसला, जागेवर ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुझी वहिनी हॉस्पिटलमधून रोज विचारायची, तिचं पाणी बदललंस का. मी हो म्हणायचो. एकदाही बदललं नव्हतं गं."