बाराव्या पुस्तकाला हात लावलेला नाही

अगं,

चिडायच्या आधी चिठ्ठी पूर्ण वाच. तुझ्या बाबांनी वारण्याआधी माझ्यासाठी ठेवलेलं फ्रेंच व्यंगचित्रांच्या जुन्या पॉकेटबुकांचं खोकं आज एकदाचं उघडलं. जुनं पुस्तक घरात आलं की मी आधी पेन्सिलीच्या खुणा खोडतो, तुला माहीतच आहे. तशीच रेडिओ ऐकत ऐकत अकरा पुस्तकं साफ केली. बारावं घेतलं आणि चित्राखाली नजर गेली: 'चिमी इथे हसली.' पुढच्या पानावर, 'इथे पोट धरून.' तुला चिमी म्हणणारे ते एकटेच. खोडरबर खाली ठेवलं; आधीच्या अकरांत काय खोडलं, ते तेव्हा कळलं.

खोडलेली अकरा घेऊन बाइंडरकडे गेलोय. कागदावर पेन्सिलीचा दाब उरला असेल तर तिरप्या उजेडात अक्षरं दिसतात, असं तो फोनवर म्हणाला. दिसली नाहीत तर तुला तोंड कसं दाखवू, कळत नाही. फोन करू नकोस, मला बोलता यायचं नाही.

बारावं टेबलावर आहे. शेवटच्या पानावर लिहिलंय: 'आज चिमीला ताप. पुस्तक उघडलंच नाही, नुसता शेजारी बसलो.'

आधी जेवून घे, मग वाच. कुठे हसू आलं तर खूण कर. खोडरबर मी घेऊन गेलोय.