अर्धं बयान, अर्धी दाढी

माझ्या थोरल्या आपास,

धाकट्या भावाचा सलाम. तू खुशाल असशील, जिना चढताना तुझे गुडघे पूर्वीइतकीच कुरकुर करत असतील (कमी झाली असती तर तू एव्हाना कळवलं असतंस), आणि दूल्हाभाईंचा खोकला बसला असेल अशी आशा करतो. त्यांनाही सलाम सांग. ऐकू गेला नाही तर हाताने कर. इकडे मी, तुझी भावजय आणि तुझा चिरंजीव असे तिघंही ठीक आहोत. चिरंजीव कारखान्यात विजेच्या मोटारींना तार गुंडाळायचं वाइंडिंगचं काम मन लावून करतो आणि सकाळी उठत नाही. उठवून उठवून थकलो, तेव्हापासून त्याला आम्ही नवाब म्हणतो. फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण आपा, तू फोन स्पीकरवर ठेवून भाजी निवडतेस आणि शेजारीण तुझ्याइतकंच ऐकते. हे प्रकरण शेजारणीच्या कानांचं नाही. नवाबचं ठरत आलेलं लग्न मोडायला आलंय, आणि ते माझ्या तोंडामुळे. म्हणजे बोललो म्हणून नाही, गप्प बसलो म्हणून. आधी घोटभर पाणी पी, मग पुढे वाच.

त्याचं असं झालं. जुम्म्याला मशिदीत नमाजआधी मौलानांचं बयान होतं अखलाकवर, म्हणजे माणसानं माणसाशी वागावं कसं यावर. नमाज-रोजे आपल्या जागी आहेतच, पण कयामतच्या दिवशी तराजूत चांगल्या वागणुकीइतकं जड काही भरणार नाही, असं ते म्हणाले. तिथून गाडी आली जिभेवर. एखाद्याच्या पाठीमागे असं काही बोलायचं की त्याने ऐकलं तर त्याला आवडणार नाही, त्याचं नाव गीबत. पुढे बसलेल्या एका बुजुर्गांनी विचारलं, पण गोष्ट खरी असेल तर? मौलाना म्हणाले, खरी असेल तेव्हाच तर ती गीबत. खोटी असेल तर ती तोहमत, तिचा हिशोब आणखी वेगळा. आपा, मी हबकलोच! इतकी वर्षं खुर्चीपाठी उभं राहून लोकांबद्दल बोललो, पण खरं तेच बोललो, म्हणून मी अगदी निर्धास्त होतो. मी खांबाला टेकून यावर विचार करू लागलो. (वर पंखा होता आणि पहाटेपासून उभ्याने दाढ्या केल्या होत्या, हेही ध्यानात घे.) विचार करता करता डोळा लागला. जागा झालो तेव्हा लोक नमाजसाठी रांगा धरत होते. म्हणजे बयान मी अर्धंच ऐकलं, पण जे ऐकलं ते मनापासून ऐकलं, आणि तिथेच कानाला खडा लावला की आजपासून गीबत बंद.

आता तूच सांग, न्हाव्याच्या दुकानातून गीबत काढली तर उरतं काय? कात्री, वस्तरा, तुरटी आणि हवापाणी. हवापाणी एका दाढीत संपतं. मग मला एक नादच लागला. कुठलं वाक्य कुठे घसरतं ते मी निरखू लागलो. मोठी गंमत असते, आपा. सगळ्यात जास्त गीबत 'बिचारा' या शब्दापासून सुरू होते. बिचारा म्हटलं की समजावं, आता त्याची सालं निघणार. त्याखालोखाल नंबर 'आपल्याला काय करायचंय म्हणा' याचा. ज्याला खरंच काही करायचं नसतं तो हे म्हणत नाही. मौलाना दाढी नीट करून घ्यायला आले तेव्हा मी त्यांना भंडावून सोडलं. बोललो नाही, नुसत्या भुवया उडवल्या तर? तीही गीबत. कुणी लंगडतो तसं चालून दाखवलं तर? तीही. मग मी भुवयासुद्धा बंद केल्या. गिऱ्हाइकं अस्वस्थ झाली. मी गप्प म्हणजे त्यांच्याचबद्दल काहीतरी पोटात ठेवलंय, असं प्रत्येकाला वाटू लागलं. तुझी भावजय जेवताना माझ्याकडे टक लावून बघायची. शेवटी तिने विचारलं, डॉक्टरने काही सांगितलंय का, खरं बोला. गीबतीशिवाय आम्हा नवराबायकोला बोलायला काही नाही, हे लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कळलं.

तर अशात चष्मेवाले आले. तेच, ज्यांच्या मुलीचा फोटो तू उशीखाली ठेवून झोपतेस. खुर्चीत बसले, मी फेस लावला, एक गाल साफ केला, आणि आरशातून माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, मुलगा कसा आहे हो? आपा, माझा वस्तरा जागच्या जागी थबकला. नवाबचं वाईट सांगावं तर गीबत. नुसतं चांगलंच सांगावं तर ते टोपलीत सडकी फळं तळाला घालून विकल्यासारखं. मी मूग गिळून उभा. त्यांनी पुन्हा विचारलं, मी वस्तरा पुसला. त्यांनी आणखी एकदा विचारलं, मी म्हटलं, यंदा उकाडा फार आहे. ते उठले, टॉवेलने फेस पुसला, "समजायचं ते समजलो," म्हणाले आणि एक गाल गुळगुळीत, एक खरखरीत अशा अवस्थेत भर रस्त्याने निघून गेले. अर्ध्या दाढीचा माणूस दिसल्यावर लोक विचारणारच. संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं की नवाबचं असं काही प्रकरण आहे जे सख्ख्या मामालाही तोंडाने सांगवत नाही. कुणी म्हणे त्याला एक बायको आहे, कुणी म्हणे दोन. मी एक शब्द बोललो नाही आणि जन्मात झाली नसेल एवढी गीबत होऊन बसली!

धावत मौलानांकडे गेलो. ते आधी हसले, मग गंभीर झाले. म्हणाले, अहो, बयानाच्या दुसऱ्या अर्ध्यात हेच तर सांगितलं होतं. लग्नासाठी कुणी सल्ला मागितला तर तो सल्ला अमानत असतो, विश्वासाने सोपवलेली ठेव. तिथे खरं सांगायचं, गरजेपुरतं सांगायचं, चवीसाठी सांगायचं नाही. आणि पुढच्या वेळी खांब सोडून बसा.

मी तसाच वस्तऱ्याची पेटी घेऊन चष्मेवाल्यांच्या दुकानात शिरलो. (ते खरखरीत गालावर रुमाल धरून गिऱ्हाइकाला अक्षरं वाचायला लावत होते.) दुकान रिकामं झाल्यावर म्हटलं, उरलेली दाढी आणि उरलेलं उत्तर, दोन्ही आणलंय. दाढी करता करता सगळं सांगितलं. हाताला कसब आहे. उशिरा उठतो, पहाटेची फजरची नमाज बरेचदा हुकते. आधीची नोकरी सोडली, कारण मालक जुनी तार घालून नवी घातली म्हणून सांगायला लावत होता. पण सोडताना असा ओरडला की बाजूच्या दुकानातले लोक बाहेर आले. राग नाकावर आहे.  मागे चष्मेवाल्यांची मुलगी यंत्रावर भिंग घासत बसली होती. तिने मान वर न करता विचारलं, "चाचा, रागात ते घरच्या माणसाला टाकून बोलले, तर मग आधी कोण बोलतं?" म्हणाली, गिऱ्हाइकाशी सगळेच गोड असतात, पैगंबरसाहेबांनी तर सांगितलंय, तुमच्यात चांगला तो, जो आपल्या घरच्यांशी चांगला.

मला तुझा फोन आठवला, आपा. जेवलास का, एवढं विचारायला तू नवाबला केलेला. कारखान्यात सगळ्यांदेखत तो तुझ्यावर खेकसला, आणि त्यानंतर ना त्याने फोन केला, ना तू. मी तेही सांगितलं. म्हटलं, अजून तरी कुणीच बोललेलं नाही. तिने भिंग उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाली, मग कळलं की कळवा. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. तुझं पोरगं चांगलं आहे गं. त्याचं हे सगळं तिथे सांगताना मला फार वाईट वाटलं, पण खोटं बोलायला जीभ वळेना.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. : खरं तर मी हे लिहायला बसलो ते तुला एवढंच सांगायला की चष्मेवाल्यांचा फोन आला तर म्हण, नवाबनेच आधी फोन केला होता. पण जिभेवर एवढं लांबण लावल्यावर हे कोणत्या तोंडाने लिहू? तेव्हा तसलं काही म्हणू नकोस.

ता. क. दुसरा : हे अख्खं पत्रच नवाबची गीबत झालं, हे आता लक्षात आलं. मौलानांची सूट चष्मेवाल्यांपुरती होती, बहिणीपुरती नाही. पाठीमागचं राहू नये म्हणून त्यालाच बसवून वाचून दाखवतो.

ता. क. तिसरा : वाचून दाखवलं. छप्पर उडेल असा ओरडला. आधी गल्ली, मग चष्मेवाले, आता टपालखातंही बाकी ठेवू नका, म्हणाला आणि दार आपटून गेला. तुझी भावजय मला म्हणाली, जमलं तुमच्या मनासारखं?  बऱ्याच वेळाने तो आला, उंबऱ्यातच उभा राहिला आणि म्हणाला, मामू, आवाज चढला, माझं चुकलं. मी गडबडीने तुझा नंबर लावायला गेलो, तर म्हणाला, ज्या फोनवर ओरडलो त्याच फोनवर कसं बोलू? सुट्टी टाकली आणि पत्र मागून घेतलं. म्हणजे हे तुला पोस्टमनने नाही, त्याने दिलं असेल आणि तू वाचतेयस तोवर तो दारात उभा असेल. चष्मेवाल्यांना काय कळवायचं ते नंतर बघू, जे घडेल तेच कळवू. पण आपा, तुझे पाय धरतो, तू त्याला अजून 'जेवलास का' विचारलं नसशील तर जरा दम धर. आधी त्याला बोलू दे.